एका टेबलावर एकच बॅच

खरात सरांना ‘गुड मॉर्निंग’ म्हटलं की उत्तर हमखास यायचं, फक्त लगेच यायचं नाही. आपण म्हणायचं, ते उजवा तळहात चौकातल्या हवालदारासारखा आपल्यासमोर धरायचे आणि हातातलं काम करत राहायचे. आपण जाग्यावर जाऊन बसायचं, विसरून जायचं. बऱ्याच वेळाने, आपण गुपचूप मोबाइल बघत असताना खांद्यामागून आवाज यायचा, “गुड मॉर्निंग, संदीप.” पहिल्या दिवशी मी इतका दचकलो की मोबाइल पोछ्याच्या बादलीत पडला. पॅकिंगमध्ये मोबाइल आणायला बंदी होती, तशी पाटीही होती. सरांनी बादलीत पाहिलं, पाटीकडे पाहिलं आणि निघून गेले. पाटीनेच मला झापलं, असं मी घरी सांगितलं.

आमची कंपनी अंबरनाथच्या एमआयडीसीत. औषधांची, छोटी. खोकल्याच्या बाटलीपासून बीपीच्या गोळीपर्यंत काय वाट्टेल ते बनायचं. मी बी.एस्सी. होऊन तिथे चिकटलो आणि सर पॅकिंगचे इनचार्ज, म्हणजे माझे साहेब. साहेब म्हणावं असं त्यांच्याकडे काही नव्हतं. बारीक चण, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, नाकावरून घसरणारा चष्मा. बदलापूरला मांजर्लीत राहायचे. मूल नव्हतं. ते आणि काकू, दोघंच.

पॅकिंगमध्ये एक रीत असते. एका औषधाचं काम संपलं की दुसरं सुरू करण्याआधी टेबल, पट्टा, मशीनच्या खालची जागा, कचऱ्याचा डबा, सगळं रिकामं करायचं. आधीच्या औषधाचं एक लेबल, एक झाकण, चुरगळलेला एक कागदसुद्धा मागे राहता कामा नये. एकाने साफ करायचं, दुसऱ्याने बघायचं आणि बघणाऱ्याने तोंडाने म्हणायचं, “लाइन क्लिअर.” मगच पुढची बॅच. ही रीत सगळ्याच कंपन्यांत असते. पण बघणारा बहुतेक ठिकाणी दारातूनच बघतो. आमचे सर गुडघ्यावर बसायचे, चष्मा काढून खिशात ठेवायचे आणि गाल लादीला टेकवून पट्ट्याखाली पाहायचे. मी साफ केलेल्या लाइनखाली त्यांना कायम काहीतरी सापडायचं. ते उचलून माझ्या तळहातावर ठेवायचे, प्रसाद दिल्यासारखं.

एकदा मी वैतागून म्हणालो, “सर, एक कागद राहिला तर काय मरणार आहे कोण?”

“हो,” ते म्हणाले.

“काय हो?”

“मरणार आहे. बीपीच्या गोळीचं लेबल खोकल्याच्या बाटलीवर गेलं तर कुणाची तरी आई मरणार आहे. कुणाची ते आपल्याला कळणार नाही, एवढंच.” मग थोडं थांबून म्हणाले, “एका टेबलावर एकच बॅच, संदीप. दोन आल्या की माणूस दोन्हीकडे बघतो आणि त्याला दोन्ही दिसत नाहीत.”

हे त्यांनी कामापुरतं ठेवलं असतं तर मी त्यांना नुसतं कडक म्हटलं असतं. पण सर अख्खे तसेच होते. जेवताना बोलायचे नाहीत, बोलताना जेवायचे नाहीत. डबा संपला की तो धुवायचा, पुसायचा, पिशवीत ठेवायचा, टेबलावरून फडकं फिरवायचं, रिकामे हात मांडीवर ठेवायचे आणि मग म्हणायचे, “हं, बोल.” तोपर्यंत आपण काय बोलणार होतो ते आपण विसरलेले असायचो. माझी लग्नपत्रिका त्यांना दिली तेव्हाही तळहात वर झाला. जेवण झालं, डबा धुतला, फडकं फिरलं. मग पत्रिका त्यांनी पाठच्या छापखान्याच्या नावापर्यंत वाचली आणि म्हणाले, “मुलीचं नाव छान आहे.” माझ्या पत्रिकेतलं मुलीचं नाव वाचणारा तो एकटाच माणूस. बाकी सगळ्यांनी जेवण कुठे आहे तेवढं बघितलं.

मी स्वतः त्या काळात मल्टिटास्किंगचा भगत होतो. राहायला उल्हासनगरात, चार नंबरच्या कॅम्पात. खाली जीन्सचे कारखाने, शेजारी सिंधी व्यापारी. नोकरीच्या जोडीला मी जीन्सची दलाली सुरू केली होती. कामावर, टोपीखाली इअरफोन घालून. एका दुपारी बाटल्यांवर बॅच नंबर आणि एक्सपायरी छापायच्या मशीनवर होतो आणि कानात शेजारचे लछूभाई.

“साईं, चौंतीस कमर का माल पड़ा है, उठाओगे क्या? चौंतीस, चौंतीस बोल रहा हूँ.”

“उठा लेंगे,” मी म्हणालो आणि बोटांनी एक्सपायरीच्या सालात चौतीस टाकून दिलं.

पहिली बाटली पट्ट्यावरून आली आणि सरांनी ती उचलली. मशीन बंद करायला लावलं. बाटली माझ्यासमोर धरली. त्या खोकल्याच्या औषधाची मुदत माझ्या कृपेने दोन हजार चौतीसपर्यंत गेली होती. खोकणारा राहिला नसता, औषध राहिलं असतं. त्या दिवसापासून अख्खं डिपार्टमेंट मला चौतीस म्हणायला लागलं. वॉचमनसुद्धा. “चौतीस, गाडी उधर लगा.” सरांनी मात्र कधी म्हटलं नाही. त्यांनी फक्त माझ्या कानातून इअरफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि माझ्या खिशात ठेवून खिसा वरून थोपटला, शाळेत जाणाऱ्या पोराचा रुमाल थोपटतात तसा.

मग कंपनीने नवीन मॅनेजर आणला. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. त्याने माणसं कमी केली आणि तीन लाइन एका इनचार्जखाली दिल्या. मोबाइलबंदीची पाटी उतरली. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. प्रत्येक लाइनचा फोटो थोड्याथोड्या वेळाने त्यावर टाकायचा आणि साहेबांनी विचारलं की जिथे असाल तिथून उत्तर द्यायचं. आम्हाला ट्रेनिंगही दिलं. एक तरुण मॅडम आल्या. म्हणाल्या, एका वेळी किती कामं हाताळू शकता, बोटांनी दाखवा. मी पाच बोटं वर केली. जीन्स धरून ती कमीच होती. सरांनी एक बोट वर केलं.

मॅडम प्रेमाने म्हणाल्या, “काका, फक्त एक?”

“एक,” सर म्हणाले. “तेही हल्ली पूर्ण होत नाही.”

सगळे हसले, मीही. त्या ‘हल्ली’त काय होतं ते कुणालाच कळलं नाही.

त्यानंतर सरांच्या शर्टाच्या खिशात मोबाइल दिसायला लागला. ज्या माणसाचा फोन इतकी वर्षं लॉकरमध्ये, डब्याच्या रिकाम्या खणात पडून असायचा, तो माणूस दर थोड्या वेळाने खिशाला हात लावून बघायचा. आम्हाला तर आयता विषय मिळाला. 

“सरांचं कुठेतरी जमलंय,” मी कॅन्टीनमध्ये जाहीर केलं. “या वयात. मला तर आदर्शच वाटतोय माणूस.”

पट्ट्यावर बसणाऱ्या शेवंताबाई होत्या, मांजर्लीच्याच. त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. “गप रे चौतीस. त्यांच्या बायकोला विसरायचा आजार झालाय. दार उघडं दिसलं की निघते बाई. कुठं जायचं ते तिला ठाऊक नसतं. शेजारीण फोन करते यांना, म्हणून खिशात ठेवतात.”

“कुठे जातात?”

“कुठं म्हणजे? आमच्याकडं सगळे रस्ते नदीवर जातात.”

मी उरलेला डबा झाकला. पण खरं सांगायचं तर त्या दुपारी मी फोटो टाकले, जीन्सचे दोन सौदे केले आणि संध्याकाळपर्यंत विसरलोही. हा माझा गुण आहे. मला आजार नसताना विसरता येतं.

सरांना येईना. ते पट्ट्यासमोर उभे असायचे आणि नजर पट्ट्यावर असूनही नसायची. खोकल्याची बाटली जात असेल आणि त्यांना नदी दिसत असेल. मॅनेजरचा मेसेज आला की खिसा थरथरायचा आणि सरांचा चेहरा उतरायचा. मेसेज ग्रुपचा आहे हे कळल्यावरच ते पट्ट्याकडे वळायचे. एकदा मी म्हटलं, “सर, तुमच्या लाइनचे फोटो मी टाकत जाऊ का? मला काय, पाच बोटं आहेत.” ते हसले. हसणं म्हणजे चष्मा वर सरकवणं. “टाक,” म्हणाले. “पण माझी बघायची लाइन तू बघू नकोस.”

मग तो दिवस आला. पावसाळ्यातली दुपार. बाहेर दोन दिवस पाऊस लागून राहिला होता आणि नदी चढल्याचं शेवंताबाई सकाळीच सांगत आल्या होत्या. बीपीच्या गोळ्या संपून लहान मुलांच्या तापाचं औषध सुरू व्हायचं होतं. मी लाइन साफ केली. शपथेवर सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मन लावून केली. सर गुडघ्यावर बसले, चष्मा काढला, गाल लादीला लावला, आणि खिसा वाजला.

ते तसेच झोपल्या झोपल्या फोनवर बोलले. “नाही? मागच्या खोलीत बघा. गच्चीवर... मग खाली बघा ना ताई, घाटाकडे बघा.”

फोन ठेवला. उठले. मला म्हणाले, “कुठपर्यंत बघितलं मी?”

“सर, तुम्ही जा. मी बघितलंय, क्लिअर आहे.”

“तू साफ केलंयस. बघायचं मला आहे. कुठपर्यंत बघितलं?”

“माहीत नाही, सर.”

“मलाही नाही. मग पहिल्यापासून.”

ते पुन्हा दाराच्या टोकाला गेले, पुन्हा गुडघे, पुन्हा लादी. अर्ध्यावर आले आणि खिसा थरथरला. ग्रुप होता. मॅनेजर विचारत होता, लाइन का थांबलीय. सर परत टोकाला गेले. तिसऱ्यांदा शेजारणीचा फोन आला, सापडल्या नाहीत म्हणून. सर पुन्हा पहिल्यापासून. सगळी लाइन उभी. बायका पट्ट्याला हात टेकून उभ्या. शेवटी मॅनेजर स्वतः आला. सर तेव्हा लादीवर आडवे होते, त्यांचा शर्ट लादीच्या ओलीने भिजला होता आणि ते एकाच जागी पाहत होते. डोळे उघडे होते. मी वाकून पाहिलं. तिथे काहीही नव्हतं, आणि त्या ‘काहीही नव्हतं’ची त्यांना खात्री पटत नव्हती.

“खरात, क्या चल रहा है ये?” मॅनेजर म्हणाला. “क्लिअर आहे की नाही?”

सर उठले. गुडघे झटकले. आवाज नेहमीचाच होता.

“मला सांगता येत नाही, साहेब. आज माझ्या टेबलावर दोन बॅच आहेत.”

त्यांनी टोपी काढली, घडी केली, खिशातलं पेन काढून टेबलाच्या बरोबर मध्ये ठेवलं. मग टेबल रिकामं हवं हे आठवून पेन परत उचललं आणि माझ्या हातात दिलं. दारापर्यंत चालत गेले. दाराबाहेर पळाले. मी खिडकीतून पाहिलं. त्या माणसाला मी त्याआधी पळताना पाहिलेलं नव्हतं.

काकू घाटाच्या वरच्या पायरीवर सापडल्या. पिठाचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि पाणी दोन पायऱ्या खाली होतं. गिरणीत आलेय, म्हणाल्या, गर्दी आहे. दुसऱ्या दिवशी सरांनी राजीनामा पाठवला. निवृत्तीला थोडंच राहिलं होतं. मॅनेजरने फोन केला, मोठ्या साहेबांनी केला. सर दोघांनाही एकच म्हणाले, “दोन्ही नाही होणार.” ती लाइन त्या दिवशी दुसऱ्या कुणीतरी पाहिली. क्लिअर होती. एक कपटासुद्धा नव्हता. हे मी सरांना कधी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

पुढे मी अधूनमधून मांजर्लीला जायचो. तळमजल्याचं घर. भिंतीवर गुडघ्याच्या वर पुराच्या पाण्याची पिवळी रेघ आणि त्या रेघेच्या वर सगळीकडे लेबलं. साखर. मीठ. पंखा. गॅस, हात लावू नये. हे दार उघडू नये. सरांचं छापल्यासारखं अक्षर, लेबलाच्या चारी बाजूंना सारखी जागा. आणि त्यांच्या स्वतःच्या शर्टाच्या खिशावर: मी मोहन. तुझा नवरा.

“कापडावर टिकत नाही,” सर म्हणाले. “रोज सकाळी नवीन लावतो.”

काकू गोऱ्या, हसऱ्या. मला पाहून म्हणायच्या, “आलास? पोरं कुठायत?” मी म्हणायचो, “शाळेत.” मला तेव्हा मूल नव्हतं, त्यांना कधीच नव्हतं, पण आमचं छान चालायचं. सर त्यांना भात भरवायचे. मला आत घेऊन कडी लावली की तळहात वर. मी थांबायचो. घास, पाणी, तोंड पुसणं, वाटी धुणं, फडकं. मग “हं, बोल.” पॅकिंगमध्ये जो माणूस एका झाकणाकडे पाहायचा, तोच आता एका घासाकडे पाहत होता. मला वाटायचं, चला, इथे तरी एकच बॅच आहे. हे मी एकदा बोलूनही गेलो. मला गप्प बसता आलं असतं तर मी आज कुठल्या कुठे असतो.

सर म्हणाले, “ही बॅच कमी कमी होत जाते, संदीप. रोज भरतो, रोज कमी. कुठून गळते ते दिसत नाही.”

काकूंना एक नाद लागला होता. त्या लेबलं काढून भलतीकडे लावायच्या. साखरेवर ‘पंखा’, देवासारख्या जपलेल्या रेडिओवर ‘मीठ’. एका संध्याकाळी मी निघालो, रिक्षा स्टँडपर्यंत चालत आलो, तर माझ्या मागून माणसं हसत येत होती. मी जीन्स चाचपली. ठीक होती. एक रिक्षावाला म्हणाला, “ओ शेठ, नेमकं कुठं जायचं ते पाठीवर लिहून कशाला फिरताय?” पाठीवर लेबल होतं. ‘संडास इकडे’, खाली बाण.

मी खो खो हसत सरांना फोन केला. पलीकडे हसू आलं नाही.

“परत आण ते,” सर हळूच म्हणाले. “ती शोधतेय. रडतेय.”

मी धावत परत गेलो. काकू खोलीच्या मध्यावर दोन्ही हातांनी साडी घट्ट धरून उभ्या होत्या, प्रत्येक दाराकडे बघत. पायाखाली ओलं झालं होतं. सरांनी माझ्याकडून लेबल घेतलं, जागेवर लावलं, कोपरे दाबले आणि मला म्हणाले, “तू जा आता.” मी निघताना काकू म्हणाल्या, “पोरांना सांगू नको हं.”

काकू नदीवर पुन्हा कधी गेल्या नाहीत. सरांनी त्यांना जाऊ दिलं नाही. त्या घरातच, अंथरुणात, छातीत कफ भरून गेल्या. सर उशाशी होते, पाण्याचा चमचा धरून. पुण्यानुमोदनाला आमचं अख्खं डिपार्टमेंट गेलं होतं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, बुद्धवंदना, एकेक जण उठून दोन शब्द बोलणारा. सरांना बोलायला सांगितलं तेव्हा त्यांनी तळहात वर केला. आम्ही सगळे थांबलो. तो हात खाली आलाच नाही, तेव्हा कुणीतरी पुढचं सुरू केलं.

त्यानंतर काही आठवड्यांनी मी गेलो. दार उघडं होतं. त्या घराचं दार मी पहिल्यांदाच उघडं पाहिलं. आत रॉकेलचा वास. एकही लेबल नव्हतं. गोंदाचे डागसुद्धा रॉकेलने घासून काढले होते. साड्या नव्हत्या, अंथरूण नव्हतं, औषधं नव्हती, कंगवा नव्हता, रेडिओ नव्हता. पुराची पिवळी रेघही रंगवून टाकली होती. सर खोलीच्या मध्यावर पांढऱ्या शर्टात उभे होते.

“बरं झालं आलास,” म्हणाले. “मी साफ केलंय. ज्याने साफ केलं त्यानेच बघून चालत नाही. दुसरं माणूस लागतं. बघ जरा.”

माझ्याबद्दल त्यांना सगळं माहीत होतं. माझ्या डोळ्यांना आजवर काही सापडलं नव्हतं, हेही. मी मोबाइल बंद केला आणि बाहेर चपलेत ठेवला. गुडघ्यावर बसलो, गाल लादीला लावला. खाटेखाली पाहिलं, कपाटामागे पाहिलं, स्वयंपाकघरातले डबे एकेक उचलून पाहिले, दाराच्या मागे पाहिलं. सर माझ्या मागून येत नव्हते. नियमाप्रमाणे बाजूला उभे होते. कुठेही काही नव्हतं.

मी उठून त्यांच्यासमोर उभा राहिलो आणि तेव्हा मला ते दिसलं. त्यांच्या खिशावर. मी मोहन. तुझा नवरा. जुनं राहून गेलेलं नव्हतं. शाई काळीभोर, कडा ताठ, चारी बाजूंना सारखी जागा. सकाळी लावलेलं.

मी त्याकडे पाहिलं. सरांनी मला पाहताना पाहिलं.

“नीट बघितलंस?”

“बघितलं, सर.”

“मग तोंडाने म्हण.”

“लाइन क्लिअर,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि खुर्चीत बसले. ‘हं, बोल’ म्हणतील म्हणून मी जरा थांबलो. ते समोरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहत होते. मी बाहेर येऊन चपला घातल्या, मोबाइल उचलला आणि वळून पाहिलं. सरांचा उजवा तळहात वर आला होता, पण माझ्याकडे नाही. तो त्यांनी खिशावर सपाट धरला होता आणि अंगठ्याने लेबलाचा सुटू पाहणारा कोपरा दाबून बसवत होते.